चार नंबरचा नवा दोर

१

मंगळवार, ९ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. सात मजली शीतगृहातल्या मालाच्या सहा लिफ्टपैकी चार नंबरच्या लिफ्टचा तारदोर तुटला आणि पिंजरा पाचव्या मजल्यावरून तळाशी आला. पिंजऱ्यात सफरचंदांच्या अडतीस पेट्या होत्या आणि एक हमाल होता. हमालाचे वय एक्कावन्न. सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याला बाहेर काढायला पन्नास मिनिटे लागली. अडतीस पेट्यांपैकी एकोणतीस पेट्यांतला माल पुसून, नव्या खोक्यांत भरून, दुपारच्या गाडीने बाजारात गेला.

ही शेवटची गोष्ट मला कोणी कबुली म्हणून सांगितली नाही. गुरुवारी सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा स्वागताला आलेल्या व्यवस्थापकाने ती आपल्या तत्परतेचा नमुना म्हणून सांगितली. "नुकसान कमीत कमी होऊ दिलं, साहेब," असे म्हणून त्याने माझ्यासाठी सहा नंबरच्या लिफ्टचे दार उघडले. आत गादी घातलेली एक खुर्ची होती. दारावर 'माणसांना सक्त बंदी' असा बोर्ड होता.

चौतीस वर्षे मी यंत्र-निरीक्षक म्हणून काम केले आणि आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. अपघाताची कारणे शोधण्यासाठी अधूनमधून अजून बोलावणे येते. तुटलेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा मला कधी राग आला नाही. यंत्र लबाडी करत नाही.

सातव्या मजल्यावरच्या कार्यालयात शीतगृहाचे मालक बसले होते. त्यांना सगळे थोरले म्हणत. पासष्टीचे, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावे लागे. व्यवस्थापक हा त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. साऱ्या इमारतीत त्याची ओळख 'मेहुणे' एवढीच होती.

"या साहेब, बसा," थोरल्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "घरचा माणूस गेला हो. बावीस वर्षं होता माझ्याकडे."

"दाजी, साहेबांना चहा सांगतो," मेहुणे म्हणाले.

"सांग. आणि तो कागद दे त्यांना."

कागदावर माझ्या अहवालाचा निष्कर्ष आधीच टंकलेला होता: लिफ्टच्या धोक्याचे भाकीत करणारी गणिती पद्धत सदोष असल्यामुळे व्यवस्थापनास पूर्वसूचना मिळू शकली नाही. खाली माझ्या सहीसाठी जागा होती. शनिवारी दुपारी बारापर्यंत सही हवी होती.

"कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही," थोरले म्हणाले. "पोरगी हुशार आहे. पण चुकली. दर सोमवारी ती प्रत्येक लिफ्टचा शंभरपैकी एक आकडा द्यायची. तीस झाले की लिफ्ट बंद, असा तिचाच नियम. आम्ही डोळे मिटून पाळला."

"चार नंबरचा आकडा त्या सोमवारी किती होता?"

थोरल्यांनी हळूच चार बोटे उभी केली.

२

ती मुलगी एकोणतीस वर्षांची. तिला तिथे गणितवाली म्हणत, तोंडावरसुद्धा. दुसऱ्या मजल्यावर शीतखोलीच्या भिंतीला लागून तिची जागा होती. भिंतीतून गारवा झिरपत असल्याने ती ऑक्टोबरच्या उकाड्यातही शाल घेऊन बसली होती. खालून, चार नंबरच्या खड्ड्यातून, कुजलेल्या सफरचंदांचा गोडसर वास वर येत होता. खड्डा धुतला होता, असे मला सांगण्यात आले होते. वाईट धुतला होता.

तिच्यासमोर एक पत्र होते. 'माझ्या गणितातील त्रुटीमुळे एका व्यक्तीचा मृत्यू झाला' अशी त्याची सुरुवात.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मेहुण्यांनी आणून दिलं. पण खोटं काय आहे त्यात, सर? शंभरात चार म्हणाले मी. आणि दुसऱ्या दिवशी माणूस मेला. शनिवारी सही करणार आहे मी."

"सही केलीत तर काय होईल, माहीत आहे?"

"खटला होईल. पुन्हा कुठे काम मिळणार नाही." ती थांबली. "ते होऊ दे. मला एवढंच कळायला हवं की मी मारलं का त्याला. रोज तो मला विचारायचा, 'गणितवाले, आज जिवंत राहीन ना?' मी म्हणायचे, 'बिनधास्त जा, पैलवान.'"

मी तिला तिची पद्धत समजावून सांगायला लावली. माझ्या काळी आम्ही दोरावरून हात फिरवायचो, चिंधी कुठे अडकते ते पाहायचो आणि मान हलवायचो. तिचे काम माझ्याहून बारकाईचे होते.

"तारदोर आतून सडतो, सर. शीतगृहात दमट हवेने जास्तच. बाहेरून चकचकीत दिसतो. म्हणून मी धरून चालते की दोर तीनपैकी एका अवस्थेत आहे: ठणठणीत, थकलेला किंवा जाऊ घातलेला. कोणत्या, ते कोणालाच दिसत नाही. मला दिसतात फक्त खुणा. आठवड्यात किती फेऱ्या झाल्या, बाहेरच्या किती तारा तुटल्या, दोर किती ताणला गेला. त्यावरून मी आतल्या अवस्थेचा अंदाज करते."

"दर सोमवारी नव्याने?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे." क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जीव आला. "मागच्या सोमवारचा संशय मी टाकून देत नाही. तो पुढे नेते. नवी खूण आली की तो थोडा वाढतो किंवा थोडा उतरतो. धोका बदलत जातो, तसा संशयही बदलत जायला हवा."

"आणि संशय पूर्ण पुसला कधी जातो?"

"एकाच वेळी. 'दोर बदलला' अशी नोंद आली की. नवा दोर, कोरी पाटी."

चार नंबरचे आकडे तिने पडद्यावर आणले. ऑगस्टअखेर सहा सोमवार: सहा, नऊ, तेरा, अठरा, चोवीस, एकोणतीस. मग ३ सप्टेंबरला, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, नोंद: काल रविवारी दोर बदलला. त्या दिवशीचा आकडा एक. पुढचे पाच सोमवार: एक, दोन, दोन, तीन, चार.

"म्हणजे तुटला तो पाच आठवड्यांचा दोर," मी म्हणालो. "तुटलेला दोर मला पाहायचा आहे."

तिने मान खाली घातली. "तो नाहीये, सर. मंगळवारी संध्याकाळीच भंगाराच्या भट्टीत गेला."

३

"कचरा कशाला साठवायचा?" मेहुणे म्हणाले. ते तळमजल्यावर नव्या हमालांना कामावर घेत होते. चार नंबरच्या दारावर ताजा निळा रंग लावलेला होता. वास अजून जात नव्हता. "लोक बघतात, घाबरतात. वितळवून टाकला. मोकळे झालो."

"आणि ज्या रिळावरून नवा दोर कापून घेतला ते रीळ? त्यावर किती दोर उरला ते मोजता येईल."

"तेही गेलं. शेवटचंच होतं."

"जुना दोर, २ सप्टेंबरला उतरवलेला?"

"भट्टीत."

"तुमच्या भट्टीला चांगली भूक आहे."

ते हसले. विनोद समजून हसले.

"साहेब, सरळ हिशेब आहे. दोर बनवणाऱ्याने वाईट दोर दिला, किंवा त्या बाईच्या आकड्यात खोट आहे. आम्ही बिचारे मधल्या मधे."

"नोंद करायचा परवलीचा शब्द कोणाकोणाला माहीत आहे?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. पंख्याच्या बटणाखाली तो खडूने लिहिला होता.

"आणि सोमवारचा आकडा कोणाकोणाला कळतो?"

"तिला, मला, दाजींना. खाली कोणाला सांगत नाही. माणसं उगाच बिथरतात."

दोर तुटला तरी पिंजरा रुळांवर धरून ठेवणारे लोखंडी जबडे असतात. मी खड्ड्यात उतरून ते पाहिले. गंजाने ते पार जखडले होते. त्यांची तपासणी कागदोपत्री दरमहा झालेली होती. मी ते टिपून घेतले, हात पुसले. पण रुमाल पुन्हा खिशात ठेवावासा वाटला नाही.

४

पैलवानचा धाकटा भाऊही तिथेच हमाल होता. भाऊ जाऊन तीन दिवस झाले नव्हते आणि तो पाच नंबरवर ढकलगाडी ओढत होता.

"रजा नाही घेतली?"

"घेतली होती. मेहुणे म्हणाले, घरी बसून तरी काय, दादा येणार आहे का परत." त्याने गाडी थांबवली. "विचारा काय विचारायचं ते. लवकर विचारा. ते वरून बघतात."

"सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चार नंबरचा दोर बदलला, आठवतं?"

"रविवारी आम्ही नसतो. सोमवारी आलो तेव्हा लिफ्ट होती तशीच चालू होती."

"त्यानंतरच्या आठवड्यात चार नंबरमध्ये गाडी ढकलताना काही त्रास?"

"कसला त्रास?"

"उंबऱ्याला चाक अडकणं. पिंजरा खाली बसलेला असणं."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा बदलला. "तुम्ही फळीचं म्हणताय? ती दोन वर्षांपूर्वी! तेव्हा चार नंबरचा पिंजरा रोज थोडा थोडा खाली बसायचा. गाडी आत गेली तर बाहेर निघेना. दादाने एक फळी आणून उंबऱ्यावर टाकली होती. मिस्त्रीने दोर आखूड केला तेव्हा कुठे सुटलो. महिनाभर शिव्या घालत होतो."

"आणि या सप्टेंबरात?"

"या सप्टेंबरात फळीच लागली नाही, साहेब." गाडीची मूठ त्याच्या हातून सुटली. "लागायला हवी होती का?"

५

फिटरला सगळे मिस्त्री म्हणत. साठीला टेकलेला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्याच्या खोलीत प्रत्येक पान्याची भिंतीवर रेघेने आखलेली जागा होती आणि प्रत्येक पाना आपल्या जागी होता. असा माणूस मला एरवी आवडला असता.

तोच दर सोमवारी सकाळी सातला मोजमाप घ्यायचा. दोर गुंडाळणारा ड्रम ठरलेल्या खुणेवर थांबवायचा आणि रिकामा पिंजरा उंबऱ्यापेक्षा किती मिलिमीटर खाली आहे ते पोलादी पट्टीने मोजायचे. दोर ताणला गेला की पिंजरा तेवढा खाली बसतो.

"२ सप्टेंबरला दोर तुम्ही बदललात?"

"हो. सकाळी आठ ते बारा. बरोबर दोन माणसं होती, बाहेरची." पाठ केल्यासारखे उत्तर होते. "ड्रमवरून जुना सोडला, नवा भरला, टोकाला शिसं ओतलं, भार टाकून दहा फेऱ्या मारल्या."

"व्यवस्थित पद्धत आहे."

"चाळीस वर्षं करतोय."

"मग नवा दोर बसवल्यावर तो आखूड कधी केलात?"

मिस्त्री बोलायला गेला आणि थांबला. चाळीस वर्षे दोर बसवलेल्या माणसाला हा प्रश्न कळतो. नव्या दोराचे पेड पहिल्या काही आठवड्यांत एकमेकांत घट्ट बसतात, तेव्हा तो झपाट्याने लांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो आखूड करावाच लागतो.

"करावा लागला नाही," तो शेवटी म्हणाला. स्वतःचे वाक्य स्वतःच ऐकून त्याने चष्मा काढला.

मी ते वाक्य टिपून घेतले.

"मोजमापात एक मिलिमीटर खोटा लिहिला नाही मी, साहेब. वाटल्यास पट्टी लावून बघा. दर सोमवारी खरं मोजलं."

"मोजमाप खरं. आणि दोर?"

"इथे त्याला अंघोळ म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "आकडा चढला की वरून फोन यायचा, अमक्या नंबरला अंघोळ घाला. मी 'दोर बदलला' म्हणून कागदावर सही करायची. नोंद ते स्वतः करायचे. दोर तोच. आकडा धुऊन स्वच्छ."

अंघोळ! मृत माणसाच्या खड्ड्यापासून काही पावलांवर उभे राहून मी हा शब्द ऐकला. त्या माणसाने आपला सगळा प्रामाणिकपणा पोलादी पट्टीत ठेवला होता आणि बाहेर पडताना पट्टी खोलीतच ठेवून जात होता.

"फोन कोण करायचं?"

"मेहुणे."

"ते स्वतःच्या मनाने?"

मिस्त्री पान्यांच्या भिंतीकडे पाहत राहिला. "ते मला कसं ठाऊक असणार?"

६

शुक्रवारी सकाळी मी गणितवालीच्या टेबलावर कागद पसरला.

"तुमच्या आकड्यांना फसवलं कसं, ते पाहू. ३ सप्टेंबरनंतर चार नंबरचा पिंजरा दर आठवड्याला किती खाली बसला?"

"दोन मिलिमीटर. मग तीन, चार, सहा, आठ." तिने बेरीज केली. "एकूण तेवीस. पण मी नव्या दोराला पहिल्या आठ आठवड्यांत सत्तर मिलिमीटरपर्यंत सूट देते, सर. नवा दोर लांबतोच. म्हणून संशय वाढला नाही."

"दोन वर्षांपूर्वी खरोखर दोर बदलला होता, तेव्हाचे काढा."

तिने काढले. तेहेतीस, चौदा, आठ, तीन, दोन.

ती दोन्ही ओळींकडे बघत राहिली. मी वाट पाहिली. हे तिचे तिने पाहणे आवश्यक होते.

"नवा दोर आधी खूप लांबतो आणि मग थांबत जातो," ती सावकाश म्हणाली. "हा आधी थोडा आणि मग वाढत गेला. हे बाळपण नाही, सर. हे मरणं आहे. आणि मी त्याला बाळ समजून सूट देत बसले!" तिने शाल घट्ट ओढली. "मी बेरीज पाहिली, क्रम नाही पाहिला."

"ही तुमची चूक आहे," मी म्हणालो. खोटा दिलासा देणे मला त्या इमारतीतल्या इतर खोट्यांइतकेच घाणेरडे वाटले असते. "ती तुमच्या नावावर राहील. आता खोटी नोंद काढून टाका आणि ऑगस्टचा संशय पुढे न्या."

यंत्राला चार मिनिटे लागली. ८ ऑक्टोबर, लिफ्ट क्रमांक चार: शंभरात त्र्याण्णव. तीसची रेषा सप्टेंबरच्या पहिल्याच सोमवारी ओलांडली गेली होती.

ती रडली नाही. पत्र तिने उलटे करून ठेवले.

"आता प्रश्न उरतो," मी म्हणालो, "अंघोळ कोणाच्या हुकुमाने व्हायची. गेल्या चौदा महिन्यांत 'दोर बदलला' अशा किती नोंदी आहेत?"

"सहा लिफ्ट मिळून नऊ. प्रत्येक नोंद आकडा वीस ते तीसच्या मधे असताना."

"मिस्त्रीला आकडा कळत नाही, म्हणजे वेळ साधणारा वरचा आहे. मेहुणे किंवा थोरले. आता नऊही नोंदींनंतरच्या मोजमापांचा क्रम पाहा."

आम्ही एकेक ओळ लिहिली. आठ ओळी चढत्या किंवा सपाट होत्या. नववी वाचताना तिचा आवाज बदलला.

"एकतीस, पंधरा, सात, चार, दोन. तिसऱ्या आठवड्यात आखूड केल्याची नोंद. सर, हा दोर खरा बदलला आहे! ९ जुलै. लिफ्ट नंबर सहा."

"त्या लिफ्टमधून माल किती जातो?"

"फार नाही. ती सातव्या मजल्यावर कार्यालयात जाते. थोरल्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, जिना चढवत नाही. खुर्ची टाकून घेतली आहे त्यांनी."

"आणि मेहुणे?"

"ते जिन्याने जातात. रोज. 'व्यायाम होतो' म्हणतात."

म्हणजे दोघेही आकड्यावर विश्वास ठेवत होते. एकाने दोर बदलून घेतला होता आणि दुसरा लिफ्टमध्ये पाऊलच ठेवत नव्हता. सदोष पद्धतीवर एवढी श्रद्धा मी क्वचितच पाहिली आहे.

मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. "जुलैत सहा नंबरचा दोर खरा बदललात. रीळ भांडारातून हलवायला तुम्ही कोणाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवला नसणार. असा पान्यांना जागा आखून देणारा माणूस चिठ्ठी मागतो."

मग अवजारांच्या पेटीचा खालचा कप्पा उघडून त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.

"मंगळवारपासून जेवलो नाही, साहेब," तो म्हणाला. "घेऊन जा हे."

मी कागद उलगडला. अक्षर सुरेख, वळणदार होते. मेहुण्यांचे नव्हते.

७

शनिवारी अकरा वाजता आम्ही चौघे सातव्या मजल्यावर बसलो: थोरले, मेहुणे, गणितवाली आणि मी. टेबलावर फळे कापून ठेवली होती. मी बशी दूर सारली.

"झाली का सही?" थोरल्यांनी मृदू आवाजात विचारले.

"एक शंका आहे. पद्धत सदोष आहे, असं तुमचं मत. मग ९ जुलैला तिच्याच आकड्यावरून सहा नंबरचा दोर का बदलला?"

"नियमाने. सगळ्याच लिफ्टचे बदलतो."

"इतर आठ नोंदींच्या वेळी दोर बदललाच नाही." मी नऊ ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि चढता क्रम आणि उतरता क्रम, दोन्ही समजावले. थोरले लक्ष देऊन ऐकत होते. ज्या गोष्टी त्यांना माहीत होत्या त्यासुद्धा लक्ष देऊन ऐकत होते.

"अरेरे," ते म्हणाले आणि मेहुण्यांकडे वळले. "माझ्या पाठीमागे तू हे उद्योग करत होतास?"

मेहुण्यांनी खाली पाहिले. बहिणीच्या संसारासाठी तो माणूस दोष अंगावर घ्यायला तयार होता, हे स्पष्ट दिसत होते. आणि थोरल्यांनी ते गृहीत धरले होते, हेही. कोणाच्या निर्लज्जपणाचा जास्त वीट यावा, हे ठरवणे मला अवघड गेले.

मी चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली: "'मिस्त्री, सहा नंबरचा दोर या वेळी खरोखर बदलावा. रविवारच्या आत.' खाली तुमची सही. दोर बदला असं म्हणणारा मालक 'बदला' एवढंच लिहितो. 'या वेळी खरोखर' लिहायला आधीच्या वेळा खोट्या आहेत हे माहीत असावं लागतं."

मग मेहुण्यांचा संयम सुटला.

"तरी मी सांगत होतो, दाजी! फोनवर सांगतो म्हणालो होतो. लिहून कशाला दिलंत?"

"गप्प बस, मूर्खा."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकायला पुढे वाकावे लागले नाही. ते माझ्याकडे वळले. "साहेब, हंगाम आहे. तीस झाले की लिफ्ट चार दिवस बंद. सहाही लिफ्टवर असं केलं तर माल खोल्यांत जाण्याआधी कुजेल. तुम्ही अनुभवी आहात. व्यवहार समजून घ्या. शेवटी आकडा म्हणजे काय? अंदाज. प्रत्येक वेळी थोडाच खरा ठरतो?"

"तुमच्यापुरता तुम्ही तो खरा धरलात," गणितवाली म्हणाली. त्या खोलीत ती प्रथमच बोलत होती. "पैलवान मला रोज विचारायचा. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला उत्तर माहीत होतं."

"तू पगार कोणाचा घेतेस?"

तिने पर्समधून ते पत्र काढले. कोऱ्या बाजूवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून आणले होते: खोट्या आठ नोंदी, त्यांच्या तारखा, त्या वगळून निघालेले आकडे. सर्वांत शेवटी स्वतःची चूक: नव्या दोराच्या ताणाची बेरीज पाहिली, क्रम पाहिला नाही. खाली सही होती.

"सही हवी होती ना?" ती म्हणाली. "केली."

"एक, दोन, तीन आणि पाच नंबर आता या क्षणी बंद करा," मी मेहुण्यांना म्हणालो. "तीन नंबरचा आजचा आकडा अठ्ठ्याहत्तर आहे आणि सोमवारी तिच्यात चढण्यासाठी तुम्ही गुरुवारी चार माणसं कामावर घेतली आहेत."

मेहुण्यांनी थोरल्यांकडे पाहिले. थोरले कापलेल्या फळांकडे पाहत होते. शेवटी फोन मेहुण्यांनीच उचलला. बारा वाजता मी चिठ्ठी, नऊ ओळी आणि ते दुहेरी पत्र पोलीस ठाण्यात दिले. मी जिन्याने उतरलो होतो. सात मजले, एकशे चाळीस पायऱ्या. सहा नंबरचा दोर नवा आणि चांगला होता. पण त्या खुर्चीशेजारी उभे राहवले नसते.

सोमवारी पोलिसांसमोर मिस्त्रीने तीन नंबरचा दोर उतरवला. बाहेरून तो चकचकीत होता. ड्रमपासून चार मीटरवर तो कापला आणि पेड उलगडले, तेव्हा आतून तपकिरी भुकटी सांडली. मिस्त्री मोजायला पुढे झाला. गणितवालीने त्याला बाजूला केले, खाली बसली आणि एकेक तार चिमट्याने वेगळी करत स्वतः मोजली. पैलवानचा भाऊ तिच्या डोक्यावर दिवा धरून उभा होता. पाऊण तास लागला.

दोरातल्या तारा एकशे चौदा. अखंड सापडल्या सदतीस.